दोन गावांत जन्मलेली मुलगी

जर्मनीत शिकायला जायचं तर काय काय सिद्ध करावं लागतं, याची मला कल्पना होती. इंग्रजी येतं हे सिद्ध करायचं, गुण खरे आहेत हे सिद्ध करायचं, शिकून काय दिवे लावणार तेही दोन पानांत लिहून द्यायचं. सगळं केलं. वस्त्रोद्योगाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्याचं पत्रही आलं. गाडी अडली कुठं, तर मी जन्मले कुठं यावर.

आमचं घर बेळगावच्या वडगावात. खाली दोन यंत्रमाग, वर आम्ही. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीनं आई चंदगड तालुक्यातल्या तिच्या गावी गेली होती, म्हणजे महाराष्ट्रात. मी तिथं जन्मले आणि मामानं ग्रामपंचायतीत नोंद केली. इथवर सगळं सरळ होतं. पण आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घोर लागला. मुलगी वाढणार कर्नाटकात, शिकणार कर्नाटकात, उद्या तिला कुणी परराज्यातली ठरवलं तर? त्यांनी कुणाच्या तरी ओळखीनं माझा जन्म इथंही नोंदवून घेतला, 'राहत्या घरी, वडगाव' असा. बरं, मग पहिला दाखला तरी टाकून द्यावा ना! तोही जपून ठेवला. का, तर उद्या सीमाप्रश्न सुटला आणि आपण महाराष्ट्रात गेलो तर लागेल. आमच्या भागात याला सावधगिरी म्हणतात.

शाळा, कॉलेज, पासपोर्ट, सगळं कानडी दाखल्यावर झालं. मराठी दाखला कपाटात पडून होता. व्हिसाचे कागद द्यायची वेळ आली तेव्हा मी भाषेच्या परीक्षेसाठी पुण्याला गेले होते. फाईल आप्पांनीच कन्सल्टंटकडे नेऊन दिली, आणि देताना मला न विचारता दोन्ही दाखले आत घातले.

"दोन असले तर चांगलंच की गं," ते मला नंतर म्हणाले. "एक न्हाय चालला तर दुसरा."

मी कपाळावर हात मारून घेतला. कन्सल्टंटनंही न बघता दोन्ही पाठवून दिले. त्याच्याकडे काचेची केबिन होती, टेबलावर सहा देशांचे झेंडे होते, फक्त कागद वाचणारं कुणी नव्हतं. पंधरा दिवसांनी व्हिसाच्या कचेरीतून विचारणा आली की एका मुलीचा जन्म दोन ठिकाणी कसा? खरा दाखला कोणता ते कळवा, दुसरा रद्द करून आणा. सत्र सुरू व्हायला सात आठवडे उरले होते.

मग खेपा सुरू झाल्या. या टेबलावरचा म्हणे तिकडं विचारा, तिकडचा म्हणे साहेब रजेवर आहेत. कानडीत अर्ज लिहिला तर सोबत इंग्रजी भाषांतर हवं, भाषांतर आणलं तर त्यावर शिक्का हवा, आणि शिक्का मारणारा जेवायला गेलेला. तो इतका वेळ जेवतो तरी काय, हे बघायला जावं असं मला वाटायला लागलं होतं. शेवटी एका वकिलांनी वाट सांगितली. गावाकडचा दाखला रद्द करा. पासपोर्टवर वडगाव आहे, त्याला हात लावायला नको, तीन आठवड्यांत मोकळे व्हाल. आईनं फक्त लिहून द्यायचं की बाळंतपण वडगावात झालं, गावची नोंद चुकून झाली.

मी नाचतच घरी आले. आई मागाशेजारी सुताच्या कांड्या भरत बसली होती. मी कागद वाचून दाखवला आणि पेन पुढं केलं.

"मी न्हाय सही करणार," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला नीट कळलं नसेल. पुन्हा समजावलं. नुसता कागद आहे आई, कोण बघायला येणार आहे?

"दोन दिवस कळा सोसल्या मी तिथं. माझी आई उशाशी बसून हलली न्हाय. भाऊ गाडी बघायला अनवाणी पळालता. आता ती दोघंबी न्हाईत. आणि तसलं काय झालंच न्हाय, असं मी लिहून देऊ व्हय?"

"मग माझी सीट जाऊ दे?" मी ओरडले. "मी कुठं जन्मले याचं तुला पडलंय, मी कुठं जाणार याचं काहीच नाही!"

आप्पांनी माग बंद केला. आई खाली मान घालून कांडी भरत राहिली.

"खोटं मी केलतं," आप्पा म्हणाले. "मीच निस्तरतो."

त्यांनी कचेरीत जाऊन स्वतःच्या हातानं लिहून दिलं की वडगावची नोंद मी खोटी करवली. चारचौघांत बोलणी खाल्ली. मग वडगावचा दाखला रद्द होणं, पासपोर्ट नव्यानं निघणं, यात महिन्यांमागून महिने गेले. सत्र माझ्याविना सुरू झालं, प्रवेश गेला, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा असं उत्तर आलं. इतके दिवस मी आईशी कामापुरतंच बोलत होते. वाढ, दार लाव, येते. चूक तिची नव्हती हे मला कळत होतं, तरी राग जात नव्हता.

नवा पासपोर्ट आला तो मी एकदा तपासून टेबलावर टाकला आणि पुन्हा तोच अर्ज भरायला बसले. आई हात पुसत आली. तिला मराठी वाचता येतं, कानडी अडखळत, इंग्रजी नाही.

"कुठं लिवलंय?"

मी बोट ठेवलं आणि तिच्या गावाचं नाव वाचलं.

"परत वाच."

मी परत वाचलं. तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं, "एवढं बारीक लिवत्यात व्हय," म्हणाली, आणि जाऊन पुन्हा कांड्या भरायला बसली.

मला माझीच लाज वाटली. त्या एका गावापायी मी सगळ्या कचेऱ्या पालथ्या घातल्या होत्या, दिसेल त्याला प्रश्न विचारले होते. अर्ज तसाच ठेवून मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"आई, त्या दोन दिवसांत काय काय झालं गं?"

एवढी वर्षं मी तिला हे कधी विचारलंच नव्हतं.