बारा सूत

सन २०१७. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा होतो. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — पोराला नाही, मिलमधल्या सोबत्यांना नाही, बायको होती तोवर तिलाही नाही. तिनं एकदा विचारलं होतं, "भद्रावतीहून आल्यापासून असे गुमसुम काऊन राहता?" ऊन लागलं, असं सांगितलं. तिनं कांद्याचा रस काढला, तळपायाला चोळला. मी चोळू दिला.

आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही.

मी सातवी नापास. सिंदेवाहीजवळच्या एका राइस मिलमध्ये खरादेवर माझी उमर गेली. खराद म्हणजे लेथ मशीन — लोखंड गरगर फिरवून कापायचं, घासायचं, मापात आणायचं. धानाच्या मोसमात कोणाचा शाफ्ट, म्हणजे मशीनचा फिरता दांडा, तुटला की लोक माझं दार वाजवत. माझ्या हातचं काम कधी परत आलं नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. काही आलं होतं. ते सांगत नसे.

आमच्या गावच्या शाळेत नववी-दहावीला इंजिनिअरिंगचा विषय सुरू झाला. खराद आली, पण ती चालवणार कोण? म्हणून मला बोलावलं. शिकवायला वैशाली मॅडम होत्या — आरमोरीकडच्या धानवाल्या घरच्या, डिप्लोमा झालेल्या, कंत्राटावर लागलेल्या. त्या फळ्यावर शिकवत, मी हातानं करून दाखवत असे. मी त्यांना बाई म्हणायचो, त्या मला भाऊ. पोरं मात्र मला मास्तर म्हणत. सातवी नापास माणसाला मास्तर म्हटलं की काय होतं, ते कसं सांगू? अंगावर चढतं ते. उतरत नाही.

त्या वर्षी मे महिन्यात या विषयाच्या शिक्षकांचं ट्रेनिंग भद्रावतीला निघालं. प्रत्येक शाळेतून एक शिक्षक आणि एक कारागीर, अशी जोडी. निघायच्या आधी हेडमास्तरांनी आम्हाला बोलावलं आणि बाईंना म्हणाले की ट्रेनिंग चांगलं झालं तर जूनमध्ये तुमची ऑर्डर पुन्हा काढतो, नाहीतर दुसरं कोणी पाहावं लागेल. मी शेजारीच उभा होतो. मी ऐकलं होतं — हे तेवढं ध्यानात ठेवा. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

ट्रेनिंग एका शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं. मे महिना आणि भद्रावती. हत्यार इतकं तापे की ओल्या फडक्यानं धरावं लागे. एकच कूलर होता, तो मोठ्या सरांकडे तोंड करून. मोठे सर म्हणजे शिकवायला आलेले साहेब. माणूस वाईट नव्हता, पण उन्हानं लवकर चिडत असे. दुपारच्या सुट्टीत सगळे डबे उघडत, तेव्हा बाई कडुनिंबाखाली जाऊन आरमोरीला फोन लावत. आईजवळ त्यांची लहान पोरगी होती. "काय जेवली गं? भात की पोळी?" — रोज तोच प्रश्न. अजून कानात आहे.

प्रत्येक जोडीला एक काम दिलं होतं. आमच्याकडे धान उफणायचा हातपंखा आला. हँडल फिरवलं की आतला पंखा फिरतो आणि भुसा उडतो. त्याचा मधला शाफ्ट मी खरादेवर करायचा, बाकी जोडणी दोघांनी.

आता मापाचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. आमच्या धंद्यात माप सुतात. एका इंचाचे आठ भाग, त्यातला एक भाग म्हणजे एक सूत. मिलमध्ये मी जन्मभर सुतानंच काम केलं. मिलिमीटर असतात हे मला माहीत नव्हतं का? होतं. पट्टीच्या दुसऱ्या कडेला होतेच की. मी पट्टी त्या कडेनं धरत नसे, एवढंच.

आणि ट्रेनिंगचे सगळे नकाशे मिलिमीटरचे. कागदावर नुसते आकडे. मिलिमीटर हा शब्द खाली कोपऱ्यात, एकदाच, इंग्रजीत. बाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं की मला ते वाचता येत नाही. चारचौघांत बोलल्या नाहीत. कडुनिंबाखाली मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "भाऊ, आकडा कधी एकटा नसते. त्याच्या मांगं काय लिवलं आहे, ते आधी पाहाचं."

किती जपून सांगितलं त्यांनी. पण सलीमभाईंच्या कानावर गेलंच. सलीमभाई चंद्रपूरकडचे वेल्डर, आमच्यासारखेच जोडीनं आलेले, थट्टेखोर. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "काय भाऊ, या उमरीत पोरीपासून गिनती शिकून राह्यले का?"

सगळे हसले. बाईही थोड्या हसल्या — माझ्यावर नाही, लाजून. मी म्हणालो, "हिच्या जलमाच्या आंधीपासून खराद चालवून राह्यलो मी." हिच्या म्हणालो. रोज बाई म्हणणारा मी. त्यांनी डब्यातली आंब्याची फोड माझ्यासमोर सरकवली. मी घेतली नाही.

त्यानंतर मी त्यांना काही विचारलं नाही. मरेन पण विचारणार नाही, असं ठरवूनच टाकलं होतं म्हणा ना.

शाफ्टचं टोक बारीक करायचं होतं, म्हणजे त्यावर पंखा बसतो आणि बारीक भाग संपतो तिथं अडतो. किती लांब बारीक करायचं? कागदावर आकडा होता — १२. मी खराद सुरू केली. बाई पलीकडच्या टेबलावर पत्रा कापत होत्या. मशीनच्या आवाजात त्यांनी ओरडून विचारलं, "भाऊ, बारा आहे न?"

मी ओरडलो, "बाराच आहे."

त्यांचे बारा मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचालाही कमी. माझे बारा सूत, म्हणजे दीड इंच. आकडा एकटाच या टेबलावरून त्या टेबलावर गेला, आणि आम्हा दोघांना वाटलं की आपण एकच बोललो.

इथपर्यंत चूक होती. चूक कोणाचीही होते. इथं थांबता आलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

दुसऱ्या दिवशी काम पाहायला पाहुणे येणार होते. आदल्या दुपारी बाई फोनवर असताना मी पंखा शाफ्टवर चढवला. तो आपल्या जागी थांबलाच नाही. सरकत सरकत पार आत गेला आणि पत्र्याला टेकला. मी पट्टी उचलली, उलटी केली, आणि त्या दुसऱ्या कडेनं माप धरलं. तेव्हा कळलं.

बाई वीस पावलांवर होत्या. हाक मारायची होती फक्त. नवा शाफ्ट करायला संध्याकाळपर्यंतचा वेळही होता. पण सलीमभाई समोरच बसले होते. मी काय केलं? डब्यातले मिळतील तेवढे लहानमोठे वायसर, म्हणजे भोकाच्या लोखंडी चकत्या, घेतले आणि पंख्याच्या मागं एकावर एक भरले, पंखा जागेवर दिसेपर्यंत. वरून ग्रीस थापलं, म्हणजे वायसर दिसणार नाहीत. बाई आल्या, म्हणाल्या, "झालं का भाऊ? छान बसला." मी मान हलवली.

पाहुणे आले. हँडल बाईंनीच फिरवलं. दुसऱ्या हातानं सुपातलं धान हळूहळू वरून सोडत होत्या, भुसा उडत होता. पाहुणे हसले. मोठे सरही हसले. मग वायसर सरकले. पंखा आत गेला, पत्र्याला घासला, किंचाळल्यासारखा आवाज झाला, आणि एक पातं तुटून कूलरच्या जाळीत घुसलं. कोणाला लागलं नाही. पण पाहुणे खुर्च्या सोडून उठले होते.

मोठ्या सरांनी पंखा खोलला. शाफ्टवर पट्टी धरली. मला वाटलं, आता वायसरचं विचारतील. पण ग्रीसमध्ये सगळं लडबडलेलं, काही सुटून खाली पडलेलं — त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "हे माप कोणी दिलं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वाट पाहत. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सांगा न."

मी चिंधीला हात पुसत होतो. पुसता पुसता म्हणालो,

"बाईंनी बारा सांगतलं, मी बारा केलं."

खोटं बोललो का? एकेक शब्द पाहिला तर नाही. म्हणूनच तेच शब्द मी निवडले. आणि सगळ्यांना पटलंही. कागद वाचणाऱ्या त्या, मी सातवी नापास म्हातारा. मिलिमीटर सांगायची जबाबदारी कोणाची? जन्मभर ज्या गोष्टीची लाज वाटली, तिच्याच आड लपलो.

बाईंना कळलं. मला दिसलं त्यांना कळलेलं. वायसरही त्यांनी पाहिले असणार, त्यांच्या पायापाशीच तर पडले होते. त्या एवढंच म्हणाल्या, "हो. बाराच सांगतलं मी." माझी इज्जत ठेवली, की माझ्याशी बोलणंच संपवलं? मला आजही ठरवता येत नाही. कधी वाटतं पहिलं, आणि त्या दिवशी जेवण जात नाही.

मोठे सर त्यांना म्हणाले, उद्या तुम्ही नाही आल्या तरी चालेल. हेडमास्तरांशी फोनवर मीच बोलतो. संध्याकाळच्या एस.टी.नं बाई गेल्या. पिशवी जड होती. मी शेडच्या दारात होतो, उचलायला गेलो नाही.

जूनमध्ये त्यांची ऑर्डर निघाली नाही. दुसरे सर आले. हेडमास्तरांनी मला विचारलं होतं, बाई कामाला कशा होत्या? तेव्हाही वेळ होती. मी म्हणालो, बऱ्या होत्या. पुढं ऐकलं की त्या आरमोरीला कापडाच्या दुकानात लागल्या. मी आरमोरीला बाजाराला जात असे, त्यानंतर गेलो नाही. बायको लुगडं घ्यायला चला म्हणाली, तरी गेलो नाही. तिला ब्रह्मपुरीला नेलं.

आता बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाचं राहिलं. तेच सांगायला घेतलं होतं आणि तेच शेवटी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेलो. सांडलेले वायसर वेचून डब्यात टाकले. मग शिक्षक आले, कारागीर आले, मोठे सर आले. ते म्हणाले, काल जे झालं ते कशानं झालं हे जुन्या हाताकडून ऐका. मला पुढं बोलावलं. "भाऊ, तुम्ही सांगा यांना."

मी पट्टी हातात घेतली, मिलिमीटरची कड वर करून. सलीमभाईही ऐकत होते. मी म्हणालो, "आकडा कधी एकटा नसते. त्याच्या मांगं काय लिवलं आहे, ते आधी पाहाचं."

मोठ्या सरांनी मान डोलावली. मागून एक शिक्षक म्हणाला, पुन्हा सांगा भाऊ, लिहून घेतो.

मी पुन्हा सांगितलं. सावकाश, त्याचं लिहून होईपर्यंत.