सुभेदारांचा चकाचक बांध आणि रुसलेली तितरं

सुभेदार मानसिंगराव फौजेतून निवृत्त होऊन कडेगावला आले; त्यांचा राग मात्र अजून ड्यूटीवर होता. चहा गार झाला की भडकायचे, गरम असला की जीभ पोळली म्हणून भडकायचे. फक्त पहाटे बांधावर तितरं ओरडायला लागली की हा गडी विरघळायचा. त्या आवाजाशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे.

यंदा त्यांनी बांध फौजेच्या बराकीसारखा चकाचक केला. कुरडूचं तण उपटलं, गवत पेटवलं, उरल्यासुरल्यावर तणनाशक मारलं. वर थंडीत पाखरांचे हाल नकोत म्हणून रोज थाळीभर तांदळाच्या कण्या ठेवल्या. आठवड्यात तितरं गायब!

सुभेदार तणतणत शेजारच्या बाळासोंकडं गेले. "फासं लावून खाल्लीस न्हवं? बोल!"

"आवं सुभेदार, मी माळकरी. अंडं खात न्हाई, तितर कुठलं खातोय?"

"मग गेली कुठं?"

"माझ्या बांधावर हायती. या, बघा."

बाळासोंचा बांध म्हणजे सुभेदारांच्या मते गावाची बेअब्रू. कमरेएवढा कुरडू, वाळकं गवत, वाळवीचं वारूळ. अन् त्या वारुळाला लाथा घालत एक तितर मजेत वाळवी टिपत होतं!

"थंडीत अंगात ऊब लागती," बाळासो म्हणाले. "कुरडूच्या बियांत तेल हाय, वाळवीत ताकद. नुसत्या कण्यांनी पोट भरतंय, ऊब न्हाई. तुमाला नुसत्या भातावर बर्फात उभं केलं असतं तर?"

"मग आधी सांगाया काय झालं हुतं?"

"आलो हुतो की. तवा तुमी मलाच बांध साफ ठेवायचं लेक्चर दिलं."

सुभेदारांचं तोंड लाल झालं. ओरडावं कुणावर? गुन्हेगार तर त्यांच्याच चपलेत उभा होता.

पाय आपटत परतले, तर बांधाच्या कोपऱ्यात वाचलेल्या मूठभर गवताला त्यांच्या बायको अंजनाकाकू विळा लावत होत्या.

"थांब! ती तितरांची मेस हाय!"

काकूंनी विळा त्यांच्या पायाशी फेकला. "पेटवू नका म्हणून घसा कोरडा केला, तवा 'गप बस' म्हणालासा. आता म्हशीला काय घालू, तुमची पदकं?"

"उसाचं वाडं घाल."

"आणा की मग! आजपास्नं रोज तुमीच आणायचं."

सुभेदारांनी विळा उचलला. साऱ्या गावाला शिव्या घालत ते उसाकडं निघाले. कुरडूचा एक कोंब आडवा आला, तेव्हा मात्र वळसा घालून गेले.