न बोलणारा संघ

परवा संध्याकाळी सुरतेत कतारगामच्या मैदानावरून जात होतो. दिवसभर तापलेल्या धुळीचा वास दरवळत होता, आणि चेंडूमागे धावणाऱ्या पोरांचा गुजरातीत एकच गिल्ला, "पास आप ने, यार!" मी कुंपणाशी थबकलो. आमचा संघ खेळायचा तेव्हा मैदानावर कुणाच्या तोंडून अक्षर फुटत नसे.

आम्ही सगळे खानदेशातून पोटासाठी आलेले, यंत्रमागावर उभे राहणारे. मागांच्या खडखडाटात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात बोलायचं ते हातांनीच. तीच भाषा आम्ही फुटबॉलमध्ये नेली. कानाची पाळी धरली की चेंडू डावीकडे, छातीवर पंजा ठेवला की मागे. समोरचे बिचारे भांबावून जात. हिरे घासणाऱ्यांच्या संघावर आम्ही नुसत्या खुणांवर चढवलेला गोल लोक चहाच्या लारीवर अजून तिखटमीठ लावून सांगतात. या खुणा बसवल्या होत्या माझ्या मित्राने. आमचे माग शेजारी, डबा एकच. भावापेक्षा जवळचा होता तो मला.

पुढे त्याला हजीऱ्याच्या एका कारखान्यात कायमची नोकरी लागली, तिथल्या संघातही घेतलं. आम्ही पेढे वाटले. त्या वर्षी अंतिम सामन्यात नेमका तोच संघ समोर आला. बरोबरी चाललेली, वेळ संपत आलेली, आणि आम्हाला फ्री किक मिळाली. मी कानाची पाळी धरली. आमचा गडी हलायच्या आत त्यांचे तिघे डावीकडे जाऊन उभे! चेंडू त्यांनी हिसकावला आणि थेट आमच्या जाळ्यात घातला. मी मित्राकडे पाहिलं. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता.

सामन्यानंतर जवळ येऊन म्हणाला, "काय करू भाऊ, नवी नोकरी. साहेबनी इचारं, मी सांगी दिन्हं."

"नोकरी तुन्ही व्हती," मी म्हणालो, "खुना आपल्या व्हत्यात."

हार पचली असती. पण पुढच्या सामन्यापासून आमचे गडीही इतरांसारखे बोंबलू लागले, एकमेकांच्या हातांकडे बघेनासे झाले. बघता बघता संघ मोडला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

गेल्या उन्हाळ्यात गावाकडच्या एका लग्नात तो दिसला. बँडच्या दणदणाटात त्याने लांबूनच बोटं ओठांशी नेऊन विचारलं, जेवलास का? मला लख्ख समजलं. वर्षं सरली की राग निवतो म्हणतात, आणि माझा निवलाही असेल. पण उत्तर द्यायला हात काही उठला नाही. त्या दिवशी मी न जेवताच परतलो.