गावकीचे पाच स्टार

नेत्रा घरतला या जगात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे झोप. हसू नका. नवी मुंबईच्या एका कंपनीत बारा वर्षं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या बाईला हसणं सोपं आहे. कुठल्याशा बँकेची सिस्टिम मध्यरात्री बंद पडली की पहिला फोन हिला. भावाच्या हळदीत सगळं गाव नाचत होतं आणि ही बया मांडवामागे खुर्चीवर लॅपटॉप उघडून बसली होती. जीव नुसता मेटाकुटीला आला होता.

तशात कंपनीत ट्रेनिंगची एक जागा निघाली. दिवसा नव्या मुलांना शिकवायचं आणि संध्याकाळी सरळ घरी. नेत्राने ती मागितली, तर साहेबांनी अट घातली. रेवदंड्याला डेव्हलपर लोकांची कॉन्फरन्स होती. तिथे भाषण करा, ऐकणाऱ्यांनी पाचातले चार स्टार दिले तर जागा तुमची. म्हणजे बारा वर्षांचं काम गेलं चुलीत, अनोळखी माणसांनी मोबाईलवर काय दाबलं ते खरं! पण भांडायचं त्राण कुणात होतं? हो म्हणून मोकळी झाली.

भाषण जेवणानंतर होतं. आदल्या रात्री नेहमीप्रमाणे फोन आला होता, त्यामुळे डोळ्याला डोळा लागला नव्हता. बंद पडलेली सिस्टिम पुन्हा उभी कशी करायची, हे ती सुरमई खाऊन जडावलेल्या लोकांना सांगत राहिली. शेवटी पडद्यावर ते चौकोनी ठिपक्यांचं चित्र आलं. स्कॅन करा, स्टार द्या, दोन शब्द लिहा. कार्यक्रम यूट्यूबवर लाइव्ह चालू होता, तेव्हा चित्र हॉलमध्ये दिसलं तसं घरोघरीही दिसलं.

आणि इथेच घोळ झाला. नेत्राचं माहेर पेणकडच्या मिठागरांच्या गावात. त्या गावात अजून गावकी आहे. मत कुणाला द्यायचं, जत्रा कधी करायची, सगळं गावकी ठरवते आणि एकदा ठरलं की घरातलं शेंबडं पोरही फुटत नाही. तिचा चुलतभाऊ अल्पेश बंदरात ट्रेलर चालवतो आणि गावच्या ग्रुपचा कारभारही बघतो. त्याने ते चित्र ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, नेत्राताईला पाच स्टार, गावकीचा निर्णय. झालं! बचत गटाच्या बाया, ट्रेलरवाले, दुबईला गेलेले दोघेतिघे, सगळ्यांनी इमानेइतबारे मतदान केलं.

परतताना नेत्रा माहेरी थांबली. ओट्यावर चहा घेत होती, समोर वडील बुधाजी, बाजूला छाती फुगवून अल्पेश. तेवढ्यात कॉन्फरन्सवाल्या तेजस्वीचा फोन आला. बिचारी फार अदबीने बोलत होती. हॉलमध्ये साठ माणसं मावतात, अभिप्राय तीनशेच्या वर आलेत, असं कसं? तिने काही वाचून दाखवले. घरत परिवाराकडून हार्दिक अभिनंदन. ताई तुम आगे बढो. एकाने तर, उमेदवार योग्य आहे, असं लिहिलं होतं. नेत्राला हसू आवरेना. मग तेजस्वीने विचारलं, ही तुमचीच माणसं का?

नाही म्हणता आलं असतं. साहेब आकड्याखाली काय लिहिलंय ते कधी वाचत नाहीत. फुकटात जागा मिळाली असती आणि फुकटात झोप. तिला मोह झाला, चांगलाच झाला. पण खोटं बोलायलाही अंगात थोडी ताकद लागते.

"आमचीच आहेत. सगळे काढून टाका," ती म्हणाली.

नोंदणीच्या यादीवरून बाकीचे काढल्यावर उरले हॉलमधले. सरासरी तीनच्या जरा वर. त्यांनी लिहिलं होतं, फार घाईत बोलल्या, शेवटचं काही कळलं नाही. तेही खरंच होतं, कुणाशी वाद घालणार? फोन ठेवताना तेजस्वीने सहज सांगितलं की काढून टाकलेल्यांपैकी एकाने मात्र दोनच स्टार दिले होते.

नेत्राने हे सांगितलं मात्र, अल्पेशचं डोकं फिरलं. जागा गेली याचं त्याला काहीच नाही, गावकीचा शब्द मोडला कुणी? रात्री देवळात बैठक लावतो, नाव काढतोच, वगैरे वगैरे. बुधाजीने कपबशी खाली ठेवली आणि तो आपणच असं सांगितलं.

"का बाबा?" नेत्राने विचारलं. तिला खरंच लागलं होतं.

"तू काय बोललीस त्यातला मना काय कललं न्हाय," बुधाजी म्हणाला. "मी शेजारच्या पोराच्या मोबाईलवर तुझ्याकडंच बघत व्हतो. पानी प्यायला थांबलीस तवा हात थरथरत व्हता तुझा. मिठागरावर जो पाट्या चांगल्या वाहतो ना, त्याच्याच डोक्यावर आनखी पाट्या देतात. पाच दिले असते तं तुला उद्या परत उभी केली असती. म्हनून त्या पोराला दोनच दाबाया सांगितले. वाटलं, आता तरी घरी पाठवतील."

नेत्राला रडू फुटलं. रडता रडताच तिने साहेबांना मेसेज लिहिला. चार स्टार मिळाले नाहीत. तरी रात्रीचे फोन मी यापुढे घेणार नाही. मी दमले आहे. बारा वर्षांत हे शेवटचं वाक्य तिने कुणाला लिहिलं नव्हतं, बोलूनही दाखवलं नव्हतं.

उत्तराची वाट न बघता ती आत जाऊन आडवी झाली. बुधाजीने ओट्यावर राहिलेला तिचा फोन उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि हा बंद कसा करतात ते अल्पेशला विचारलं.