बाळंतिणीच्या ताटातले अंडे

एका वृद्ध बाईच्या तक्रारीवर मी भर पोलीस ठाण्यात हसलो होतो. फौजदार म्हणून नोकरीत असताना ही गोष्ट मी कुणाजवळ बोललो नाही. निवृत्तीनंतर मात्र सगळ्यांत आधी तीच घटना डोळ्यांपुढे येते.

त्या आजी ईट गावाकडच्या. लेक ग्रामीण रुग्णालयात बाळंत झालेली, अंगात रक्त कमी, बाळ वजनाने हलके. या मुलीचे निम्मे औषध तिच्या ताटात आहे, असे डॉक्टरांनी बजावले होते. ताटात येत होते पिवळे पाणी. अंडे आणि दूध तर तिने पाहिलेच नव्हते. हे ऐकून मी म्हणालो, "आजी, वरणातली डाळ शोधायला आता पोलीस लावायचे का?" ठाणे अंमलदारासह सगळे हसले.

आजी हसल्या नाहीत. "शोधायला न्हाय जी. कुणी नेली ते इचारायला. पोरीला दूध उतरंना, लेकरू रडून रडून गप पडतंय."

त्या गेल्यावर कामात मन लागेना. दुपारी साध्या कपड्यांत वॉर्डात गेलो. त्या मुलीच्या ताटातले वरण चाखले. हळद आणि मीठ, एवढेच जिभेला कळले. वैद्यकीय अधिकारी संकोचाने म्हणाले की माल रोज सकाळी पुरेसा उतरतो, पण स्वयंपाकघरातून पुढे येत नाही. स्वयंपाकघर ज्या ठेकेदाराकडे होते, त्याचाच महामार्गावर धाबा होता.

संशय पक्का झाला, पण पुरावा? अंडी सगळी सारखीच दिसतात. तेव्हा मला आई आठवली. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना ती प्रत्येकावर कोळशाने खूण करी, म्हणजे नंतर घातलेले ताजे अंडे वेगळे ओळखू येई. दुसऱ्या दिवशी पहाटे, माल उतरताच, तो स्वयंपाकघरात जाण्याआधी, आम्ही दोन पंचांसमक्ष प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने बारीक ठिपका दिला. इतकी वर्षे नोकरी करूनही सापळ्याच्या दिवशी माझे काळीज नवख्या शिपायासारखे उडत असे.

हवालदार एका पंचाला घेऊन गिऱ्हाईक म्हणून धाब्यावर जाऊन बसले. मी ठाण्यात फोनकडे डोळे लावून येरझाऱ्या घालत होतो. तेवढ्यात शिपायाने नाश्ता आणून ठेवला. महामार्गावरचे धाबेवाले ठाण्याला नाश्ता पाठवत. ही रीत माझ्या आधीपासूनची, आणि तो कुठून येतो हे मी कधी विचारले नव्हते. उकडलेले अंडे सोलायला उचलले.

त्यावर ठिपका होता.

फोन वाजला. "साहेब, ठिपका हाय! ट्रेच्या ट्रे हायेत!" हवालदारांचा आवाज आनंदाने फुटत होता. माझ्या हातातले अंडे अजून कोमट होते. टरफल चुरडून टोपलीत टाकले असते, तर कुणालाही कळले नसते. तो मोह क्षणभर झाला, हे लपवत नाही. मग दुसऱ्या पंचाला बोलावले आणि माझ्या टेबलावरच्या ताटाचाही पंचनामा करवला. तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा, असे वरिष्ठांना कळवले.

चौकशीला मी बाजूला उभा होतो. आधी ठेकेदाराने सगळे आचाऱ्यावर ढकलले. ठिपके दाखवताच तो सावरून बसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आमचं मीठ गोड लागत व्हतं की साहेब, इतके दिस." त्यानंतर त्याने दूध आणि डाळही कुठे जात होती ते सांगितले.

चोर ओळखायचे प्रशिक्षण आम्हाला मिळते. आपल्या पुढ्यात आलेला घास कुणाचा, हे विचारायची सवय मात्र स्वतःच लावावी लागते. त्या दिवसापासून ठाण्यात फुकटचा नाश्ता बंद झाला, आणि माझ्याविषयीची कुरकुर सुरू झाली. ती मी ऐकून घेतली.

आठवड्याभरात वॉर्डातली ताटे बदलली. मी गेलो तेव्हा ती मुलगी उशीला टेकून अंडे खात होती आणि आजी बाळाला मांडीवर थोपटत होत्या. इतर बायका पाहत होत्या. आवाज खाली जात होता, तो मी मुद्दाम वर आणला. "आजी, भर ठाण्यात मी तुमच्यावर हसलो, आणि रोज तुमच्या लेकीच्या ताटातलंच खात होतो. चुकलो मी. मला माफ करा."