मायचं नाक आणि माझी गाडी

गाडी दारात आली त्या दिवशी मी इतकी खूश होते की कुलूप लावून आत आले आणि ते लागलंय का हे बघायला पुन्हा तीनदा बाहेर गेले. जुनी, पांढरी, दुसऱ्याच्या हातची, पण माझी! वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकलेली आणखी कुणी बाई भोकरदनमध्ये असेल तर तिनं माझ्याकडं चहाला यावं, मी खुर्ची पुसून ठेवते. नवऱ्याला गाडी येत नाही. तो शेजारी बसतो आणि त्याच्या पायाशी नसलेला ब्रेक दाबत राहतो.

मी पुढचं दार ऐटीत उघडलं आणि मायला म्हटलं, "बस."

मायनं एक पाय आत टाकला. नाक वर केलं. पाय बाहेर काढला आणि पदर तोंडाला लावला.

"हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई," ती म्हणाली आणि घरात निघून गेली.

मायला गाडी लागते. थोडीथोडकी नाही. धावड्याहून आमच्याकडं राहायला आली तेव्हा सगळ्या रस्त्यानं तिचं डोकं एसटीच्या खिडकीबाहेर होतं, आणि उतरल्यावर तिनं जाहीर केलं की यापुढं चाकं असलेल्या कशात बसणार नाही. तिची एकुलती एक बहीण, माझी मावशी, वाटूरला राहते. जिल्ह्याच्या या टोकाला एक आणि त्या टोकाला दुसरी. मावशीलाही गाडी लागते, मायपेक्षा काकणभर जास्तच. त्यामुळं सहा वर्षं दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलत आणि फोन संपताना भांडत. तू ये, नाही तूच ये. मागच्या हिवाळ्यात मावशी म्हणाली, एका डोळ्यानं आता काहीच दिसत नाही, आणि दुसराही कधी जाईल सांगता येत नाही. हे तिनं हसत हसत सांगितलं. त्या दिवशी भांडण झालं नाही. मायनं फोन बंद केला आणि बराच वेळ तो हातात धरून बसली. मावशीला दिसतंय तोवर मायला तिच्यासमोर उभं करायचं, हे मी तिथंच ठरवलं. गाडी घेतली ती त्यासाठी.

संध्याकाळी मायनं तडजोड केली. "वास गेला तर बसते. पन सगळा जायला पाहिजे. बिलकुल."

मी शिकवते त्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, अंगात उत्साह नुसता उतू जात होता, आणि मला गाडी धुण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. वास आतून येत होता, तरी मी सुरुवात बाहेरून केली. भांड्यांचा साबण घेतला, भांड्यांची घासणी घेतली आणि करपलेल्या पातेल्याला लावते तेवढा जोर लावला. ओली होती तोवर गाडी झकास दिसली. वाळली तेव्हा बॉनेटभर गोल गोल ओरखडे उमटलेले. नवरा चष्मा लावून वाकला, नीट बघितलं आणि म्हणाला, "कढई छान निघाली." मी त्याच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलले नाही. जेवताना बोलावं लागलं, मीठ त्याच्याकडं होतं.

मग मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागले. काय ती दुनिया! सहा प्रकारचे ब्रश, सात रंगांची फडकी, टायरला वेगळं, काचेला वेगळं, आणि सगळे दोन बादल्या वापरा म्हणून बजावणारे. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खंगाळायचं, म्हणजे मातीचे कण परत गाडीवर घासले जात नाहीत. आमच्या गल्लीत नळ कोणत्या दिवशी येईल यावर पैजा लागतात, तिथं मी दोन बादल्या घेऊन गाडीशेजारी उभी राहिले की बायका गॅलरीत यायच्या. मी दुसरं पाणी दारातल्या कडुनिंबाला घालून दाखवायची, मगच त्या आत जायच्या. पण बादल्यांचा नियम खरा निघाला. एकही नवा ओरखडा आला नाही. मी इतकी हुरळून गेले की नवऱ्याचे दोन नवे बनियन फडकी म्हणून फाडले, आणि एसीच्या जाळ्या काडीला कापूस गुंडाळून पुसत एक अख्खी दुपार घालवली. कापूस काळा निघाला की मला आनंद व्हायचा. जितका काळा, तितका जास्त.

वास मात्र जागचा हलला नाही.

एसीला अडकवायची सुगंधी बाटली आणली. माय म्हणाली, आता वासाला वास आला. कापूर ठेवला, लिंबं कापून ठेवली, कॉफीची पूड वाटीत ठेवली. शेवटी शेजारच्या खाला कंबर कसून आल्या. खाला मायच्याच वयाच्या, आणि दोघींची दुपारच्या चहाची पक्की जोडी.

"बेटी, लोबान फिरवू," त्या म्हणाल्या. "जुम्मेरातीला घरात फिरवते ना, माशीसुद्धा टिकत न्हाई."

निखाऱ्यांवर लोबान टाकलेली वाटी सांडशीत धरून खाला मागच्या सीटवर बसल्या. मी पुढं. धूर वाया जाऊ नये म्हणून काचा वर केल्या. मिनिटभरात मला स्टिअरिंग दिसेना. दोघी खोकत होतो आणि खाला खोकता खोकता म्हणत होत्या, "असर होऊन राह्यला, असर होऊन राह्यला!" बाहेर कुणीतरी ओरडलं, मॅडमची गाडी पेटली. दार उघडलं गेलं आणि एक बादली पाणी माझ्या अंगावर आलं. ती बादली मारणारी बाई आठवडाभर मला दिसली की तोंड फिरवून हसायची. मीही हसायची. पाण्याच्या इतक्या टंचाईत तिनं माझ्यासाठी भरलेली बादली ओतली होती, ही काही साधी गोष्ट नाही.

धूर निवळल्यावर मायनं दारातूनच हुंगलं. डोळे मिटले, पुन्हा हुंगलं.

"उरूस भरलाय," ती म्हणाली, "आन् मधी कुनीतरी दूध नासवलंय."

"दूध?"

"दूधच. म्हशीचं. खालून येऊन राह्यलंय."

मी तिथंच गाडी विकणाऱ्याला फोन लावला. तो आधी म्हणाला, वास वगैरे काही नव्हता. मग म्हणाला, थोडं दूध सांडलं असेल. थोडं म्हणजे किती, असं मी वर्गात विचारते त्या आवाजात विचारलं. "एक कॅन," म्हणाला. मी फोनवर शाळेत कधी वापरत नाही असे दोन शब्द वापरले, आणि दुसऱ्याच क्षणी मला इतकं हसू आलं की मी अंगणात खाली बसले. एवढा मोठा डेअरीचा कॅन, झाकणासकट आडवा झालेला, आणि मी त्याच्यावर लिंबाच्या फोडी ठेवत होते!

आता सीटा काढायच्या होत्या. व्हिडिओतला माणूस ते हसत हसत करत होता. मी पान्याशी तासभर झटापट केली, एक बोल्ट हलला नाही आणि दोन नखं तुटली. खालांचे यजमान हयात असताना टेम्पो चालवायचे. खाला घरी गेल्या आणि त्यांची गंजकी पेटी घेऊन आल्या.

"चौदाचा पाना लागतो ह्याला," त्या म्हणाल्या. "सरक."

टक करून बोल्ट सुटला. मग दुसरा. खालांनी कपाळावरचा घाम ओढणीनं पुसला आणि माझ्याकडं जे काही बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. "टेम्पोच्या सीटा मीच काढून धुवायची," त्या म्हणाल्या. "ते नुसते चालवायचे."

पहिली सीट अंगणात ठेवली तर माय तिच्यावर जाऊन बसली. मागं टेकली, हात मांडीवर ठेवले, समोरच्या कडुनिंबाकडं बघितलं.

"हे बरं हाय," ती म्हणाली. "हालत न्हाई." तिथंच तिनं चहा मागवला.

कार्पेट उचललं आणि आम्ही तिघी एकदम मागं सरकलो. खाली जाड अस्तर असतं, गोधडीसारखं, त्याचा पिवळा, टणक, चिरा पडलेला थर झाला होता. ते खरवडून काढलं, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून टबात बुडवलं, आणि मी पातळ वर खोचून आत उतरले. खालाही सलवार वर करून उतरल्या. गोधडी तुडवतात तसं तुडवायला लागलो. पाणी पांढरं व्हायचं, ओतायचं, पुन्हा तुडवायचं. माय गाडीच्या सीटवर बसून हुकूम सोडत होती. "डाव्या बाजूला! तिथं अजून हाय!" हसून हसून माझा पाय घसरला, मी खालांना धरलं, खालांनी मला धरलं, आणि दोघी टबासकट मायच्या पायाशी. इतकी मी लग्नाआधीसुद्धा हसले नसेन.

गच्चीवर तेव्हा गल्लीतल्या बायकांचं वाळवण होतं, कुरडया, पापड, साबुदाण्याच्या चकल्या. त्यांच्या शेजारी आमचं कार्पेट आणि अस्तर पसरलं. नाकं मुरडली गेली, पण जागा दिली. तिसऱ्या दिवसापासून तर कुरडया उलटायला आलेली बाई जाता जाता आमचं अस्तरही उलटून जायची. माय, जिला गुडघ्यांमुळं दोन पायऱ्या जड जायच्या, दिवसातून दोनदा गच्चीवर चढायची. वाकून हुंगायची आणि निकाल द्यायची. "हाय." दुसऱ्या दिवशी, "हाय अजून." मी पुन्हा धुवायची. तेव्हा मला राग यायचा, खरं सांगते. मला काहीच वास येत नव्हता, आणि मला वाटलं, हिला जायचंच नाही, नाकाचं निमित्त करते आहे. एकदा मी तसं बोललेही, जोरात. मायनं अस्तराचा दुमडलेला कोपरा सरळ केला. कठडा धरून जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत ती गच्चीवर होती. गुडघ्यांवर बसून, अस्तराच्या एकेका कोपऱ्याला नाक लावत. मला बघून म्हणाली, "मधी रस्त्यात मला वकारी आली तर तू गाडी वापस वळवशील. मंग माझ्याच्यानं दुसऱ्यांदा निघनं व्हायचं न्हाई." मी तिच्या शेजारी बसले. मीही एका कोपऱ्याला नाक लावलं.

पाचव्या दिवशी तिनं हुंगलं, पुन्हा हुंगलं, अस्तर उलटं करून हुंगलं.

"न्हाई," ती म्हणाली. मी गच्चीवर नाचले. पापडवाल्या बायकांनी बघितलं, बघू दे.

निघालो ते सकाळी उजाडता उजाडता. माय पुढं, काच अर्धी खाली, हातात खालांनी दिलेलं लिंबू. नवरा मागं, तिथंही ब्रेक दाबत. राजूर गेलं तरी माय गप्प. मी रस्त्यापेक्षा तिच्याकडं जास्त बघत होते. जालन्याच्या अलीकडं तिनं एकदम हात तोंडावर नेला. मी गाडी बाजूला घेतली, उतरले, धावत तिच्या बाजूला गेले, दार उघडलं.

"थांबली कशाला?" ती म्हणाली. "जांभई आल्ती."

जालना मागं पडल्यावर मात्र तिला कंठ फुटला. दुसऱ्यांच्या गाड्यांकडं बोट दाखवून म्हणायला लागली, "किती मळली बघ त्याची. धुवायला काय होतं लोकांना?"

वाटूरला मावशी फाटकाशी उभी होती, कपाळावर हात धरून. गाडी तिच्या पुढ्यात थांबली तरी ती दुसरीकडंच बघत होती. मी आणि नवरा उतरलो. माय उतरली नाही. तिनं काच पूर्ण खाली केली आणि हाक मारली. मावशीनं आवाजाच्या दिशेनं मान फिरवली, हात पुढं केला. तो आधी गाडीच्या टपाला लागला, मग दाराला, मग मायच्या गालाला. तिनं तोंड अगदी जवळ आणलं, चांगल्या डोळ्याची बाजू पुढं करून. बराच वेळ बघितलं.

"किती वाळली गं अक्का," ती म्हणाली.

"आत ये," माय म्हणाली. "वास घे. घे वास, काहीच न्हाई."

मावशीनं डोकं आत घातलं आणि हुंगलं. मग गाडीला चाचपत चाचपत वळसा घातला आणि थेट माझ्या जागेवर येऊन बसली. पाय चिखलाचे होते, नुकतीच झाडांना पाणी घालून आली होती. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि फडकं डिकीतच राहू दिलं. चला, घरात चहा घेऊ, असं मी दोनदा म्हटलं. दोघींना ऐकू गेलं नाही.

मावशीनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. समोरचा रस्ता तिला दिसत होता की नाही, कुणास ठाऊक.

"कुठं सोडू, अक्का?" तिनं विचारलं.

मायनं दार ओढून घेतलं आणि सीटला मागं टेकली.

"लांब ने," ती म्हणाली. "जल्दी न्हाई मला."