सोपं करायचं बटण

ऑफिसात त्याला सगळे ‘कात्री’ म्हणायचे. कंपनी घरच्या घरी रक्तातली साखर मोजायचं यंत्र बनवायची, आणि त्यात काय ठेवायचं, काय छाटायचं हे ठरवणं त्याचं काम. पहिलं यंत्र त्याने हट्टाने साधं ठेवलं होतं. एक बटण, एक मोठा आकडा, बस्स. बोट टोचा, पट्टीवर थेंब लावा, आकडा बघा. आई गेल्यावर ज्या थोरल्या बहिणीने त्याला लहानाचं मोठं केलं, ती ते हातात घेऊन म्हणाली होती, “हे तर मलाही जमेल की.”

पुढे कंपनीचा पसारा वाढला. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात आलेख होता, म्हणून विक्रीवाल्यांना आलेख हवा झाला. मग गजर आला, पावलांची मोजदाद आली, आहाराचा सल्ला आला, डॉक्टरांना निरोप पाठवायची सोय आली. दर बैठकीत कात्री नको म्हणायचा आणि साहेब हसायचे. “अहो, ज्याला नको त्याने वापरू नये. पडून राहिलं तर काय खायला मागतंय?” एकेका मागणीत खोट काढावी असं काही नसायचंच. सगळ्या मिळून मात्र यंत्राचा पार भाजीबाजार झाला. कात्रीची धार गेली. नोकरी टिकवायची होती. तोही मान डोलवायला शिकला.

नवं यंत्र बाजारात आलं तशा जुन्याच्या पट्ट्या मिळेनाशा झाल्या. त्याने ताईला नवं नेऊन दिलं, शेजारी बसून शिकवलं. ती “कळलं, कळलं” म्हणाली. फोनवर विचारलं की सांगायची, “साखर ना? ठीक आहे.”

ती मोजतच नव्हती. हे उघडकीला आलं तोवर पायाची जखम चिघळली होती आणि डॉक्टरांना दोन बोटं काढावी लागली.

“मला सांगायचंस तरी, ताई,” तो खाटेशेजारी बसून म्हणाला.

“काय सांगू? बटण दाबलं की ते मलाच प्रश्न विचारायचं. जेवणाआधी की नंतर, वजन किती, पाठवू का, ठेवू का. मी गोंधळायचे आणि पट्टी वाया जायची. तू एवढं शिकवलंस, तरी डोक्यात शिरेना. भावाने बनवलेली वस्तू, आणि बहीण अशी मठ्ठ. लाज वाटली रे.”

“चूक तुझी नाही. यंत्रच बिघडलंय, आम्हीच बिघडवलंय.”

ताईने त्याचा हात थोपटला. “पुरे. माझी समजूत काढायला स्वतःच्या कामाला नावं ठेवू नकोस.”

त्याने परोपरीने सांगितलं. तिला ते पटलं नाही.

पुढच्या बैठकीत त्याने सगळं बोलून टाकलं. साहेब खरोखर हळहळले. मग म्हणाले, “यावर काहीतरी करायलाच हवं. आपण एक ‘सोपी पद्धत’ टाकू. सेटिंगमध्ये, भाषेच्या खाली.”

“साहेब, तिला सेटिंग सापडलं असतं तर...”

पण तोवर कोणीतरी विचारलं, सोप्या पद्धतीचे प्रकार किती ठेवायचे. त्यावर चर्चा रंगली.

हल्ली तो सकाळी ऑफिसच्या आधी ताईकडे जातो. बोट टोचतो, यंत्राच्या प्रश्नांना उत्तरं देतो, आकडा वाचून दाखवतो. तोवर ती खिडकीकडे बघत बसते. एकदा त्याने यंत्र तिच्यापुढे धरलं. तिने हात मागे घेतला.

“तूच कर,” ती म्हणाली. “माझ्या हातून काहीतरी बिघडायचं.”